नातीच्या शाळेची गुप्त चौकशी

शाळा कशी आहे हे जाणून घ्यावयाचे असेल तर शाळेत जाऊ नये, असा उपदेश मला आमचे शेजारी ज्ञानचंदजी यांनी केला, आणि पुढे जे काही घडले त्याचे मूळ या उपदेशात आहे. ज्ञानचंदजींचे धुळ्यात, आमच्याच गल्लीत, कापडाचे दुकान आहे. जगातील यच्चयावत व्यवहार हे कापडाच्या व्यवहाराचेच पोटभेद होत, असा त्यांचा सिद्धान्त आहे.

"गुरुजी," ते म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय हे कळलं की दुकानदार चांगल्या कापडाचा ताका वर काढतो. तुम्ही समोरच्या ओट्यावर बसा. आजूबाजूला विचारा. आणि कशासाठी विचारता ते कुणाला सांगू नका."

त्यांच्या पत्नी धापूबाई आतून म्हणाल्या की शाळेत पाण्याची टाकी झाकलेली आहे का, तेवढे पाहिले तरी पुरे. परंतु हा उपदेश फारच सोपा असल्यामुळे आम्ही दोघांनीही तो मनावर घेतला नाही.

प्रकरण असे होते. माझा मुलगा पद्माकर वीज मंडळात नोकरीला. पारोळ्याहून एरंडोलकडे जाताना एक फाटा लागतो, त्या फाट्यावरून आत असलेल्या तामसपिंप्री नावाच्या गावी त्याची जूनपासून बदली झाली. तेथे राहण्यास दीड खोली मिळणार होती. सूनबाईने सांगितले की गावात अरूसाठी चांगली शाळा असेल तर तिघेही तिकडे बिऱ्हाड करतील. नसेल तर ती आणि अरू धुळ्यातच माझ्यापाशी राहतील, आणि पद्माकर शनिवारी रात्री येऊन सोमवारी पहाटे जात जाईल. आता शाळा चांगली की वाईट हे ठरवावे कोणी? ज्याने उभी हयात हायस्कुलात संस्कृत शिकवण्यात घालवली, त्या माझ्यावाचून दुसरा अधिकारी पुरुष घरात नव्हता.

"आणि आप्पा, तुम्हाला काही धुळ्याबाहेर करमायचं नाही," पद्माकर सहज म्हणाला. मला करमेल की नाही हे मी अद्याप कोणालाच सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. परंतु दीड खोलीचे गणित मलाही येते. मी मान डोलावली. ज्या माणसाने मान डोलावली त्याला पुढे काही म्हणता येत नाही, हा मानेचा एक मोठा दोष आहे.

अरूविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. तिचे नाव अरुंधती, हे नाव मीच ठेवले, आणि ते पूर्ण उच्चारणाराही मी एकटाच. ती दुसरी उत्तीर्ण होऊन तिसरीत जाणार होती. संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसून घरातील एकेका वस्तूकडे बोट दाखवी आणि तिला संस्कृतात काय म्हणतात ते विचारी. पाटा, वरवंटा, उखळ येथवर माझी विद्या पुरे. पण ती दातांच्या पेस्टकडे, इस्त्रीकडे आणि शेवटी ज्ञानचंदजींच्या स्कूटरकडे वळली, तेव्हा मला नवनिर्मितीचा आश्रय घ्यावा लागला. स्कूटरसाठी मी योजिलेला सामासिक शब्द इतका लांब होता की तो संपेपर्यंत ती स्कूटर गल्लीबाहेर गेलेली असे. सौभाग्यवती गेल्यापासून त्या घरात मला प्रश्न विचारणारे तेवढे एकच माणूस उरले होते.

न्यायासनावर बसलेला आणि खटल्यातला पक्षकार हे एकच असू नयेत, हे मला ठाऊक होते. तरी मी निघालो. निःपक्षपातीपणाने जावे आणि शाळा वाईट निघावी, एवढीच माझी इच्छा होती.

प्रथम मी शासकीय मार्ग चोखाळला. तालुक्याच्या एका कचेरीत जाऊन तामसपिंप्रीच्या शाळेचा तपासणी-अहवाल पाहावयास मिळेल काय, असे विचारले. कारकुनाने मान वर न करता विचारले की मी कोणत्या नात्याने ही माहिती मागतो आहे. मी म्हणालो, आजोबा या नात्याने. त्याने मान वर केली. संस्थाचालक, सरपंच, वार्ताहर आणि तक्रारदार ही नाती त्या कचेरीत चालत असत, आजोबा हे नाते चालत नव्हते. तक्रारदार होण्याची सूचना त्याने मला आपुलकीने केली, परंतु शाळा न पाहताच तक्रार करणे मला घाईचे वाटले. मी प्रवासी जीपमध्ये बसून पुढे निघालो. बसून हा शब्द मी सौजन्याने वापरत आहे.

चैत्रातले ऊन होते, परंतु शाळा अद्याप सकाळची झाली नव्हती. तामसपिंप्रीच्या पाटीपाशी उतरलो तो समोरच शाळा, आणि शाळेसमोर पिठाची गिरणी. ज्ञानचंदजींनी सांगितलेला ओटा जणू माझ्यासाठीच बांधून ठेवला होता. मी धोतर सावरून, कोट आणि टोपी नीट करून त्यावर बसलो. गिरणीचे मालक चुडामण पिठाने पांढरे झालेले बाहेर आले.

"कोनाकडे जानं शे, आबा?"

मी म्हणालो की कोणाकडेच नाही, सहज आलो आहे. खानदेशात एवढ्या उन्हात कोणी सहज येत नाही, हे चुडामणभाऊंना माहीत असावे. त्यांनी मला पाणी दिले, माझे गाव विचारले, गल्ली विचारली, आडनाव विचारले. अमृतकर म्हणताच त्यांची नजर शाळेकडे गेली आणि परत माझ्याकडे आली. मग ते अत्यंत आदराने म्हणाले, "मंग बसा निवांत. काय इचारनं शे ते इचारा."

आता प्राचीन ग्रंथांत आचार्याची जी लक्षणे सांगितली आहेत, ती मी प्रवासात मनाशी जुळवून ठेविली होती: कुल, शील, वय, प्रकृती आणि विद्या. त्या अनुक्रमाने मी चौकशी आरंभिली. शाळेत मास्तर किती? मुख्य मास्तर म्हातारे असून या वर्षी निवृत्त होणार, आणि तिसरीचा वर्ग अभिमन शिनकर यांच्याकडे, असे कळले. शिनकर मास्तरांचे वय काय? सव्विशीत आहेत. प्रकृती? उत्तम. स्वभाव? शांत. काही व्यसन? चुडामणभाऊंनी कानाला हात लावले. गावातच राहतात की रोज अप-डाऊन करतात? गावातच, भिकुबाईंच्या घरात भाड्याने. आडनावावरून मास्तर आमच्याच ज्ञातीचे दिसले, परंतु विद्येला ज्ञाती नसते म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. चुडामणभाऊंनी मात्र दिले होते.

"मास्तर सोनं शे, आबा. बठ्ठं गाव तेसले मानस." मग थोडे थांबून, आवाज उतरवून, "घरनी जमीन बी शे. बागायती."

प्राथमिक शिक्षकास बागायती जमीन असणे हे शिक्षणदृष्ट्या कसे उपकारक, याचा मी विचार करीत राहिलो. मनुष्य पोटाच्या चिंतेतून मुक्त असला म्हणजे अध्यापनात मन लागते, अशी संगती लावून मी समाधान मानले.

गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला चुडामणभाऊ काही तरी सांगत आणि ती बाई माझ्याकडे पाहून पदर नीट करी. मला वाटले, शिक्षणाविषयी एवढा आदर असलेले गाव मी पाहिले नाही. आमच्या शहरात निवृत्त शिक्षकाकडे पाहून पदर तर सोडाच, सायकलसुद्धा कोणी बाजूला घेत नाही.

थोड्याच वेळात स्वतः भिकुबाई आल्या. वयाने माझ्याहून किंचित लहान, बोलण्यात पुष्कळ मोठ्या. त्यांनी मला ओट्यावरून उठवून घरी नेले आणि जेवल्यावाचून जाऊ देणार नाही असे बजावले. शेवेची भाजी, भाकरी, कैरीचे लोणचे, आणि वर गुळाचा शिरा. मी एका शाळेची चौकशी करावयास आलो होतो आणि मला शिरा मिळत होता. सूनबाई करते ती भाजी बेताची तिखट असते. ही खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी आले, त्याचा भिकुबाईंनी भलताच अर्थ लावला.

"पोर दूर जाई म्हनीसन जीव तुटस ना, आबा?"

या बाईंना हे कसे कळले याचे मला परम आश्चर्य वाटले. घरात इतके दिवस कोणाला कळले नव्हते. मी म्हणालो, होय, नातीचाच प्रश्न आहे. ज्ञानचंदजींचा उपदेश मी एवढाच मोडला. नातीचे वय सांगितले नाही, इयत्ता सांगितली नाही. भिकुबाईंनी माझ्या पानात आणखी शिरा वाढला आणि मास्तरांचे गुण सांगू लागल्या. मास्तर रागावत म्हणून नाहीत. जे वाढावे ते खातात. आपले कपडे आपणच धुतात. आईबाप लहानपणीच गेले, म्हणजे घरात सासू-सासऱ्यांचा जाच नाही. शेवटचा गुण ऐकून मी जरा चमकलो, परंतु स्त्रियांच्या बोलण्यात विषयांतर होतच असते असे म्हणून सोडून दिले.

मी अतिशय खिन्न झालो. दोष सांगणारे एक माणूस त्या गावात भेटेना. शेवटी उठून शाळेच्या मागच्या बाजूला गेलो आणि कडुनिंबाच्या सावलीत, खिडकीपासून थोडा आडोसा धरून उभा राहिलो.

शिनकर मास्तर फळ्यावर गणित सोडवीत होते. वर्ग गडबड करीत होता, परंतु ती कामाची गडबड होती. या दोहोंतला फरक जन्मभर वर्गात उभे राहिल्यावाचून कळत नाही. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "मास्तर, तुम्हनं चुकनं." मी श्वास रोधला. मास्तर फळ्यापासून मागे सरले, डोळे बारीक करून पाहिले, आणि म्हणाले, "खरंच की. ये, पूस आणि नीट कर." मुलगी पुढे आली, तिने पुसले, नीट केले. मास्तर तोवर तिच्या जागेवर जाऊन बसले होते. साऱ्या वर्गात कोणालाही त्यात काही विशेष वाटले नाही. मला वाटले. माझ्या वर्गात माझी चूक काढण्यास कोणी उठल्याचे मला स्मरत नाही, आणि ते माझ्या निर्दोषतेमुळे होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

अरुंधती तेथे बसली तर कोणत्या रांगेत बसेल, हेही मला दिसू लागले. मी तेथून दूर झालो.

शाळा सुटल्यावर मास्तर स्वतःच मला शोधीत आले. गावाने त्यांना कळविले होते. सावळा, हाडकुळा, घामाघूम झालेला तरुण. त्याने वाकून नमस्कार केला, मला बाजूला नेले, आणि इकडे-तिकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही मोठे आहात, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. गावातले लोक काहीही सांगतील. मी चांगला माणूस नाही."

मी म्हणालो, "म्हणजे?"

"भयंकर तापट आहे. हात उचलतो. दुपारी डुलक्या घेतो. पत्ते खेळतो. शिवाय बदलीसाठी खटपट चालू आहे, आज इथे तर उद्या कुठे. माझ्या भरवशावर कुणी आपली पोर इकडे पाठवू नये."

त्याचा चेहरा अत्यंत प्रामाणिक होता. ज्याने नुकतीच एका मुलीपुढे आपली चूक मान्य केली, तो एवढे खोटे बोलत असेल असे कोणास वाटेल? आणि वाटले असते तरी मी काय केले असते? मी त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि मनःपूर्वक आभार मानले. त्यालाही हायसे वाटलेले दिसले. आम्ही दोघांनी परस्परांवर अत्यंत प्रसन्न होऊन निरोप घेतला.

प्रत्यक्ष आणि शब्द, म्हणजे पाहिलेले आणि ऐकलेले, ही दोन प्रमाणे परस्परविरोधी आली, तर कोणते बलवत्तर मानावे, यावर पूर्वाचार्यांनी पुष्कळ लिहिले आहे. पारोळ्याहून धुळ्याला येणाऱ्या एस.टी.त मी त्या वादाचा पुनर्विचार केला आणि शब्दप्रमाणाच्या बाजूने निर्णय दिला. घरी येऊन मी सांगितले की तिसरीचे मास्तर तापट आहेत, मारतात, झोपतात, आणि हे मी त्यांच्याच मुखातून ऐकले आहे. यात एक अक्षरही असत्य नव्हते.

पद्माकरने वर आढ्याकडे पाहिले. सूनबाई पोळ्या लाटीत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला, पण त्यानंतरच्या पोळ्या गोल झाल्या नाहीत. लग्नाला नऊ-दहा वर्षे झालेल्या बाईला नवरा आठवड्यातून दोन रात्री मिळणार होता. अरू माझ्याजवळ येऊन शिट्टी देणाऱ्या कुकरला संस्कृतात काय म्हणतात ते विचारू लागली. मला शब्द सुचला नाही. मी जिंकलो होतो, आणि माझ्या ताटात वेडीवाकडी पोळी पडली.

पुढच्याच रविवारी दारात एक टेम्पो उभा राहिला. त्यातून प्रथम बिबड्यांनी, म्हणजे ज्वारीच्या पापडांनी, भरलेली पिशवी उतरली, मग भिकुबाई, मग धुतलेली टोपी घातलेले चुडामणभाऊ. पीठ नसल्यामुळे मी त्यांना लगेच ओळखले नाही. पद्माकरने सतरंजी अंथरली. परगावचे पाहुणे आणि एवढी मोठी पिशवी पाहून ज्ञानचंदजीही दुकान सोडून आले आणि, काही तरी व्यवहार आहे असे ताडून, मधोमध बसले.

भिकुबाईंनी वेळ दवडला नाही. त्यांचा रोख माझ्याकडे होता.

"मास्तरनं आयकू नका, आबा. तो खोटं बोलना. धाकली बहीननं लगीन व्हवाबिगर मी लगीन करावू नही, आसा त्याना हट शे. याना आगोदर दोन सोयरा आसाच पयाडी लायात त्यानी." मास्तरांनी स्वतःवर घेतलेला एकेक आरोप त्यांनी मग खोडून काढला. मास्तर पत्ते ओळखतसुद्धा नाहीत. पोरांना चापट म्हणून मारली नाही. संध्याकाळी ज्यांना वाचता येत नाही ती पोरे ओसरीवर येऊन बसतात, भिकुबाईंना तिथे बसायला जागा उरत नाही. बदलीचा विषय गावात काढला तर बायकाच रस्ता अडवतील.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. पद्माकर माझ्याकडे पाहत होता. मला अद्याप उलगडा झाला नव्हता. तो व्हावयास भिकुबाईंच्या पुढच्या वाक्याची गरज होती.

"तं मंग पोरले बलावा. डोया भरी देखू द्या."

माझ्या चौकशीचे सारे प्रश्न एका क्षणात मला पुन्हा ऐकू आले: वय, प्रकृती, व्यसन, राहतात कोठे. कानांपर्यंत रक्त चढले. ज्या रीतीने पिढ्यान्‌पिढ्या मुलीकडची वडीलधारी माणसे परगावी जाऊन ओट्यावर बसतात, सहज आलो म्हणतात आणि नवऱ्यामुलाची चौकशी करतात, त्या रीतीचे एकही अंग मी गाळले नव्हते. शिराही खाल्ला होता.

मी काही बोलण्यापूर्वी अरू पाण्याचे तांब्या-भांडे घेऊन बाहेर आली. पुढचा एक दात पडलेला, परकराची नाडी लोंबत असलेली. तिने अर्धे पाणी चुडामणभाऊंच्या धोतरावर सांडले आणि उरलेले भिकुबाईंना दिले. भिकुबाईंनी कौतुकाने तिच्या गालावरून हात फिरवला आणि तिच्या मागे, दाराकडे, पाहत राहिल्या.

"हाई तं धाकली. मोठी कोठे शे?"

"एवढीच आहे," मी म्हणालो. "तिसरीत जाणार. मी शाळा पाहायला आलो होतो."

मग ज्ञानचंदजींनी विचारले की ओट्यावर मी कशासाठी विचारतो ते सांगितले नाही ना. मी म्हणालो, नाही. ते समाधानाने म्हणाले, "मग तुमचं काही चुकलं नाही." यावर चुडामणभाऊ हसू लागले आणि त्यांच्यामागून सारे. भिकुबाईंना हसता हसता ठसका लागला, तेव्हा अरूने त्यांच्याच भांड्यातले पाणी त्यांच्या डोक्यावर थापले. सूनबाई तोंडाला पदर लावून हसत होती. बऱ्याच दिवसांनी मी तिला हसताना पाहिले.

पद्माकर मात्र हसला नाही. हसणे ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "आप्पा, मास्तर काय म्हणाले ते तुम्ही सांगितलंत. तुम्ही स्वतः काय पाहिलंत?"

प्रश्न साधा होता. तो त्याने आधीच विचारला असता तर मी काय उत्तर दिले असते, हे मला आजही ठाऊक नाही. अरू माझ्या मांडीला टेकून बिबडी कुरतडत होती. पोर कोणाच्या ओटीत पडते आहे हे पाहायला ती दोन माणसे उन्हातान्हाची टेम्पोने आली होती, आणि त्यांच्या देखत शब्दप्रमाणाचा आधार घेणे मला जमेना.

"फळ्यावर त्यांचं गणित चुकलं," मी म्हणालो. "एका मुलीने दाखवलं. त्यांनी तिला खडू दिला आणि आपण तिच्या जागेवर जाऊन बसले. पद्माकर, असा मास्तर मी पाहिला नाही. मी तसा नव्हतो. अरुंधतीला त्यांच्या हाताखाली घाल."

सूनबाईने पदर खाली घेतला. तिने माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तसे त्या घरात कोणी फार दिवसांत पाहिले नव्हते. मला ते सुखाचे वाटले आणि त्याच क्षणी ते सुख दूर जाऊ लागले.

चुडामणभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आलेले काम वाया गेले तरी रिकाम्या हाताने परतू नये, असे त्यांना वाटले असावे. डोळे मिचकावून, पण आवाज लग्नाच्या बैठकीत बोलतात तसा गंभीर करून त्यांनी विचारले,

"मंग आबा, पोर देतस ना आम्हना गावले?"

सारे पुन्हा हसण्याच्या तयारीत माझ्या तोंडाकडे पाहू लागले. अरूने बिबडी कुरतडणे थांबवून वर पाहिले.

"दिली," मी म्हणालो.

भिकुबाईंनी लगेच साखर मागितली. सूनबाई ती आणायला आत गेली. साखरेचा डबा उघडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर ती बराच वेळ बाहेर आली नाही. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. एकेक भांडे फळीवरून काढून मोठी भांडी ती एका बाजूला लावीत होती, आणि लहान पातेले, लहान तवा, एकाला पुरेल एवढी कढई दुसऱ्या बाजूला.